नववी-दहावीचा मुलगा भर वर्गात ऐकेनासा होतो, त्या क्षणी नेमकं काय करावं?

वर्गमूळ
नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होते, आज पहिलाच धागा काढतेय. सांभाळून घ्या.

नववीला गणित शिकवते. वर्गात चाळीसच्या आसपास मुलं. त्यातला एक मुलगा (ओळख पटेल असं काही लिहीत नाही). मी फळ्यावर उदाहरण सोडवून दाखवते तोवर हा बरा असतो. खिडकीबाहेर बघेल, पेनाचं बटण टकटक करेल, एवढंच. "चला, आता वह्या काढा, पुढचं तुम्ही सोडवा" म्हटलं की कार्यक्रम सुरू. शेजाऱ्याची पट्टी पळवायची, माझ्या आवाजाची नक्कल करायची, मोठ्याने एखादा शेरा मारायचा. वर्ग हसतो. मी नाव घेऊन दटावते, तो उलट उत्तर देतो, माझा आवाज चढतो, त्याचाही चढतो आणि शेवट ठरलेला: तो वर्गाबाहेर. बाहेर गेला की एकदम शहाणा. भिंतीला टेकून गप्प उभा. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

पालकांना बोलावून झालं, वर्गशिक्षकांशी बोलून झालं, जागा बदलून झाली. प्रशिक्षणांत "मुलांना समजून घ्या" इतक्यांदा ऐकलंय की आता ते कानांवरून जातं. समजून घ्यायला माझी ना नाही. पण माझा प्रश्न फार छोटा आहे. तो बोललाय, वर्ग हसलाय, चाळीस चेहरे माझ्याकडे बघताहेत. पुढच्या दहा सेकंदांत मी काय करायचं?

तिरपागडा
रुमाल टाकून ठेवतो. हा धागा शंभरी गाठणार.

खडूफळा
वर्गमूळताई, उभी हयात याच कामात गेली म्हणून बोलतो. वर्षाच्या सुरुवातीला जे बसतं तेच टिकतं. नियम तीनच ठेवायचे, पण मोडला की परिणाम दर वेळी तोच, मग तो हुशार मुलगा असो की वांड. आज सोडलं, उद्या ओरडलात, परवा बाहेर काढलंत, तर मुलं जुगार खेळतात तुमच्याशी: बघू आज काय निघतं. आमच्या वेळी नुसत्या नजरेवर काम भागायचं.

तिरपागडा
नजरेवर भागायचं, कारण नजरेमागे छडी असायची सर. दिवे घ्या (गंमतीने घ्या हो).

खडूफळा
घेतले. छडी मी कधीच हातात धरली नाही. शेजारच्या वर्गातून तिचा आवाज यायचा हे मात्र खरं, आणि त्याचा फायदा मला फुकटात मिळत असणार, हेही.

मागचा_बाक
वर्गमूळ मॅडम, तुमचा तो मुलगा म्हणजे मीच. वर्षं बरीच लोटली, आता दाढी पिकायला लागलीय, पण पोस्ट वाचून हसू आलं आणि मग आलं नाही.

मला आकडेमोड जमायची. वाक्यांतली उदाहरणं जमायची नाहीत, कारण वाचतानाच ओळी एकमेकींत घुसायच्या. त्याला नाव आहे, हे फार उशिरा कळलं. शिक्षक फळ्यावर शिकवत असतात तेव्हा तुम्हाला येतंय की नाही हे कोणालाच कळत नाही. मान हलवली की झालं. वही उघडली की मात्र शेजाऱ्याला कोरं पान दिसतं. म्हणून वही उघडायच्या आत काहीतरी घडवून आणायचं. बाहेर काढलं की सुटका, वर मधल्या सुट्टीत मित्रांची शाबासकी. "ढ" म्हणवून घेण्यापेक्षा "टारगट" म्हणवून घेणं केव्हाही परवडतं. हे सगळं मी ठरवून करत होतो असं नाही. हिशेब आपोआप जुळत गेला.

तुमच्या मुलाचं हेच असेल असं माझं म्हणणं नाही. पण "वह्या काढा" या दोन शब्दांनी माझ्या पोटात जो गोळा यायचा तो मला अजून आठवतो.

ओंजळ
मागचा_बाक, प्रतिसाद दोनदा वाचला.

निळी_शाई
मी शाळेत समुपदेशक आहे. मागचा_बाक यांनी माझं अर्धं काम करून टाकलंय.

वर्गमूळताई, तुमच्या पोस्टमध्ये तीन धागेदोरे आहेत: शिकवताना शांत, लेखी काम आलं की सुरू, बाहेर गेला की शहाणा. आता हेच जरा शिस्तीत बघा. एक छोटी वही करा, पानाचे तीन रकाने: त्याआधी काय घडलं, त्याने काय केलं, त्यानंतर त्याला काय मिळालं. "उद्धटपणा केला" असं लिहायचं नाही. "पट्टी घेतली, परत मागितल्यावर हसला" असं लिहायचं, म्हणजे दुसऱ्याने वाचलं तरी तेच चित्र दिसेल. काही दिवसांत नक्षी दिसायला लागते.

बहुतेक वेळा वागण्यातून दोनपैकी एक साधलं जातं. काहीतरी मिळतं (लक्ष, हशा, मान) किंवा काहीतरी टळतं (न येणारं काम, लाज, एखादी व्यक्ती). बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं, उपाय मात्र उलटे पडतात. लक्ष हवं असलेल्या मुलाला थोडा वेळ बाजूला केलं तर कदाचित उपयोग होईल. काम टाळणाऱ्या मुलाला बाहेर काढणं म्हणजे त्याला हवं तेच हातात ठेवणं. आणि बऱ्याच मुलांच्या बाबतीत दोन्ही एकत्र असतं, तुमच्याकडे तसंच वाटतंय: हशा मिळतो आणि वही टळते.

एक पडताळा सोपा आहे. एखाद्या दिवशी सुरुवातीची दोन उदाहरणं त्याला नक्की येतील अशी द्या. कार्यक्रम झाला नाही तर प्रश्न कामाचा आहे. तरीही झाला तर प्रेक्षकांचा आहे.

सरळरेषा
सगळे एकाच मुलाबद्दल बोलताहेत, म्हणून वाईटपणा घेऊन लिहितो.

माझी मुलगी अशाच एका वर्गात बसते. ती कोणाची पट्टी पळवत नाही, कोणाची नक्कल करत नाही, म्हणून तिच्यासाठी कोणी वही करत नाही आणि रकाने आखत नाही. रोज तासातली बरीच मिनिटं एका मुलाच्या तमाशात जातात. तिने एकदा विचारलं, "मी पण ओरडले तर मला पण समजून घेतील का?" मला उत्तर देता आलं नाही. त्या मुलाला मदत जरूर करा, पण ती बाकी एकोणचाळीस जणांच्या वेळातून का कापायची? बाहेर काढल्याने तो सुधारत नसेल, पण आत तास तर होतो!

खडूफळा
सरळरेषा, +१. हे कोणीतरी बोलायला हवं होतं.

ओंजळ
सरळरेषा, तुमचा राग समजते. मी त्या दुसऱ्या बाजूची आई आहे. माझ्या मुलाला एडीएचडी आहे (लक्ष टिकवणं आणि स्वतःला आवरणं अवघड जातं), सहावीत निदान झालं. शंभर मुलांत पाचेक जणांना असतं म्हणतात, म्हणजे जवळपास प्रत्येक भरलेल्या वर्गात कोणी ना कोणी असणार. "मुद्दाम करतो" हे वाक्य मी इतक्या तोंडांतून ऐकलंय की मोजणं सोडून दिलं. मुद्दाम करायला जे नियंत्रण लागतं तेच तर त्याच्याकडे कमी आहे.

तरी सांगते, तुमच्या मुलीचा तास बुडतो हे मला पटतं. माझ्या मुलालाही ते कळतं आणि घरी आल्यावर तो त्यावरून रडतो. पंधरा वर्षांचा मुलगा रडतो हे शाळेत कोणाला खरं वाटणार नाही.

त्याला कशाने फरक पडला तर अगदी फुटकळ गोष्टींनी. एका वेळी एकच सूचना. "वह्या काढा, पान अमुक उघडा, तारीख घाला, तिसरं आणि पाचवं सोडवा" एवढं सगळं एका दमात आलं की तो पहिल्यावरच अडकतो आणि मग शेजाऱ्याला विचारतो, की झाली गडबड. एका सरांनी सूचना फळ्याच्या कोपऱ्यात लिहायला सुरुवात केली. कोणासाठी, ते कधी सांगितलं नाही. सगळा वर्गच तिकडे बघायला लागला.

प्रयोगवही
सरळरेषा यांच्या मुद्द्याला संशोधनाचाही आधार आहे, म्हणून दोन्ही बाजू मांडतो.

अमेरिकेत पिट्सबर्गच्या शाळांमध्ये एक मोठा प्रयोग झाला. शिक्षेऐवजी संवाद, वर्तुळात बसून बोलणं, झालेलं नुकसान भरून द्यायला लावणं, या पद्धतीचा. रँड या संशोधन संस्थेने त्याचा अहवाल २०१८ मध्ये दिला. मुलांना शाळेतून निलंबित करण्याचं प्रमाण घटलं, शिक्षकांना शाळेचं वातावरण सुधारल्यासारखं वाटलं. पण सहावी ते आठवीच्या मुलांचे गुण घसरले आणि वर्गातलं वातावरण सुधारलं असं मुलांना स्वतःला वाटलं नाही. तेव्हा "शिक्षा काढा, गप्पा मारा, सगळं ठीक होईल" हे इतकं सरळ नाही.

आता दुसरी बाजू. २०१६ मध्ये ओकोनोफुआ आणि सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियातल्या पाच शाळांत गणिताच्या शिक्षकांना (वर्गमूळताई, खास तुमच्यासाठी) एक छोटा ऑनलाइन पाठ दिला. मुलं का बिथरतात आणि शिस्त लावतानाही नातं कसं टिकवायचं, यावर. दुसऱ्या गटातल्या शिक्षकांना तंत्रज्ञानाच्या वापरावरचा पाठ. वर्षभरात दुसऱ्या गटातली ९.६ टक्के मुलं कधी ना कधी निलंबित झाली, पहिल्यातली ४.८ टक्के. मुलांना कोणी काहीच शिकवलं नव्हतं, फक्त मोठ्यांचा दृष्टिकोन थोडा हलवला होता.

आणि सगळ्यात जुनं, पण माझ्या मते सगळ्यात कामाचं: मानसशास्त्रज्ञ जेकब कूनिन यांनी वर्गांचं चित्रीकरण तपासून १९७० मध्ये मांडलेलं. गोंधळ झाल्यावर शिक्षक कसे रागावतात यावरून चांगला वर्ग आणि विस्कटलेला वर्ग यांत फरक सांगता येईना. फरक होता तो आधीच्या गोष्टींत. पाठीमागे काय चाललंय याचं भान, एका कामातून दुसऱ्या कामात वर्गाला न अडखळता नेणं, एका मुलाशी बोलताना बाकीच्यांवर नजर ठेवणं. ताई, तुमचा गोंधळ नेमका फळ्याकडून वहीकडे जाताना होतो. त्या सांध्यावर काम करा.

तिरपागडा
म्हणजे खडूफळा सरांची "नजर" १९७० मध्येच सिद्ध झाली होती तर.

खडूफळा
कळवा त्यांना, आम्ही आधीपासून वापरत होतो.

रातकिडा
एक वेगळा कोन. ही मुलं झोपतात कधी? या वयात झोपेची नैसर्गिक वेळ पुढे सरकते. झोपेची वेळ झाली हे शरीराला सांगणारं संप्रेरक, मेलाटोनिन, मोठ्यांपेक्षा उशिरा स्रवतं, म्हणून दहाला अंथरुणावर पाठवलं तरी डोळा लागत नाही, आणि सकाळी लवकर शाळा. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ मध्येच म्हटलंय की या वयाच्या मुलांची शाळा साडेआठच्या आत सुरू करू नये. सिएटलमध्ये २०१६ साली हायस्कूलची वेळ ७:५० वरून ८:४५ केली, तर मुलांची झोप रोज सरासरी ३४ मिनिटांनी वाढली. लोकांना वाटलं होतं की मुलं आणखी जागतील. जागली नाहीत.

न झोपलेला माणूस चिडतो. मोठा चिडला की आपण म्हणतो "दमलाय", मुलगा चिडला की "उद्धट".

तिरपागडा
आमच्या ऑफिसची वेळ साडेआठच्या पुढे नेण्यासाठी या संघटनेला कुठे भेटता येईल?

मागचा_बाक
आणि रात्री दोनपर्यंत मोबाइल बघत बसतात त्याचं काय, मेलाटोनिनच्या नावाने बिल फाडायचं?

रातकिडा
मोबाइल आहेच. पण मोबाइल नव्हते तेव्हाही या वयाची मुलं उशिराच झोपायची. आईला विचारून बघा.

वर्गमूळ
रातकिडा, माहिती छान आहे, पण आमच्या या साहेबांची झोप दुपारच्या तासालाही तितकीच कमी पडते आणि चित्रकलेच्या तासाला पूर्ण झालेली असते. त्यामुळे झोपेला क्लीन चिट.

सरळरेषा
मूळ प्रश्न दहा सेकंदांचा होता. आपण आता मेलाटोनिनवर आहोत. एवढ्यात तर वर्ग रिकामा होऊन मुलं घरी गेली असतील.

रंधा
मी तांत्रिक विषय शिकवतो, सुतारकामाची कार्यशाळा. समोर पंधरा-सोळा वर्षांची मुलं आणि त्यांच्या हातात पटाशी. त्यामुळे "त्या क्षणी काय" हा प्रश्न मला सैद्धांतिक परवडत नाही. जसं करतो तसं लिहितो.

पहिलं, त्याच्याकडे लगेच वळायचं नाही. शेरा आला, हशा झाला. एक श्वास. मग वर्गाशी बोलायचं, त्याच्याशी नाही: "पहिलं उदाहरण, तीन मिनिटं, सुरू." आवाज नेहमीपेक्षा खाली. सदतीस-अडतीस डोकी वहीत गेली की त्याचा प्रेक्षक गेला. तुम्ही उलट करता. तुम्ही त्याचं नाव घेता, म्हणजे ज्यांनी ऐकलं नव्हतं तेही माना वळवतात.

दुसरं, वर्ग कामाला लागल्यावर फेरी मारत मारत त्याच्यापर्यंत जायचं. सरळ चालून जायचं नाही, नाहीतर सगळ्यांना कळतं कोणाची पाळी आहे. त्याच्या समोर उभं राहायचं नाही, बाजूला. जमलं तर वाकायचं, म्हणजे डोकं त्याच्या डोक्याच्या पातळीवर येतं. हळू आवाजात एकच वाक्य: "पहिली दोन कर, तिसरं अडलं तर सोड, मी येते परत." आणि निघून जायचं. हे निघून जाणं सगळ्यात महत्त्वाचं. तुम्ही तिथेच उभ्या राहिलात तर त्याने पेन उचलणं म्हणजे मित्रांसमोर हार. तुम्ही गेलात तर तो स्वतःच्या मर्जीने उचलू शकतो.

तिसरं, तो पुटपुटेल. "करतो ना, मरा" असलं काहीतरी. ऐकू आलं नाही असं करायचं. पेन उचललं की नाही एवढंच बघायचं. या वयात शेवटचा शब्द आपला असावा असं फार वाटतं. देऊन टाका. शब्द त्याचा, काम तुमचं.

दरडावून प्रश्न कधीच विचारायचा नाही. "तुला लाज वाटते का?" याला कुठलंही उत्तर दिलं तरी ते उलट उत्तरच होतं.

प्रयोगवही
रंधा, प्रेक्षकांच्या मुद्द्यावर: गार्डनर आणि स्टाइनबर्ग यांचा २००५ चा प्रयोग आहे. गाडी चालवायच्या खेळात १३ ते १६ वयाची मुलं एकटी असताना आणि मित्र बघत असताना किती धोका पत्करतात ते पाहिलं. मित्र आले की या मुलांचा धोका पत्करणं खूप वाढलं. चोविशीपुढच्यांना फारसा फरक पडला नाही. म्हणजे एकटा भेटणारा मुलगा आणि वर्गातला मुलगा यांच्याशी वेगळं बोलावं लागतं.

खडूफळा
रंधा, सगळं पटलं, पुटपुटणं सोडून. आज "मरा" ऐकून न ऐकल्यासारखं केलंत, उद्या ते मोठ्याने येईल. बाकीची मुलं ऐकतात ना! त्यांना काय कळलं? की चालतं.

रंधा
सर, सोडत नाही, फक्त तेव्हा घेत नाही. तास संपल्यावर दारात, एकट्याला: "मघाशी जे बोललास ते मला आवडलेलं नाही. पुन्हा नको." दोन वाक्यं, प्रवचन नाही. मित्र नसले की नव्वद टक्के मुलं मान खाली घालतात (आकडा माझा, संशोधन नव्हे). बाकीच्या मुलांचं म्हणाल तर त्यांना सगळं दिसतं. तुम्ही घाबरलात की थांबलात, यातला फरक त्यांना बरोब्बर कळतो.

आणि ही सगळी पद्धत बडबडीसाठी, टवाळीसाठी. कोणी पटाशी उगारली तर फेऱ्या मारत बसत नाही.

ओंजळ
मग काय करता? कारण माझ्या मुलाचा एकदा तोल पूर्ण गेला होता, बाक ढकलला होता त्याने.

निळी_शाई
मी सांगते. तोल जाण्याला चढ-उतार असतात. मुलांच्या वर्तनाचे अभ्यासक जेफ कॉल्विन यांनी त्याचे सात टप्पे मांडलेत: शांत, ठिणगी, अस्वस्थता, चढ, शिखर, उतार, सावरणं. समजावणं, पर्याय देणं, "जरा पाणी पिऊन ये" म्हणणं, हे सगळं अस्वस्थतेपर्यंत चालतं. शिखरावर त्याच्या कानापर्यंत काहीच पोचत नाही. तिथे काम फक्त सुरक्षिततेचं: बाकी मुलांना लांब न्या किंवा बाहेर काढा, दुसऱ्या मोठ्या माणसाला बोलवा, अंतर ठेवा, दार अडवू नका, अंगाला हात लावू नका, कमी बोला. "चढ"मध्ये वाद घालणं सगळ्यात महाग पडतं, कारण तिथूनच शिखराला ढकललं जातं.

उतारावर आणखी एक गोष्ट हमखास होते. मुलगा शांत झाल्यासारखा दिसतो आणि आपण लगेच विचारतो, "आता सांग, का केलंस?" पुन्हा भडका. अर्धा तास तरी जाऊ द्या. चर्चा सावरल्यावर, आणि झालेलं निस्तरायचं असेल (बाक सरळ करणं, ज्याला लागलं त्याला भेटणं) तर तेही तेव्हाच. ते मात्र टाळू देऊ नका. सरळरेषा, तुमचा मुद्दा इथे येतो: समजून घेणं म्हणजे भरपाई माफ असं नाही.

सरळरेषा
हे पटलं. आधीच असं लिहिलं असतंत तर मी एवढा तडकलो नसतो.

वर्गमूळ
धागा वर काढतेय. वही केली. निळी_शाईताईंचे तीन रकाने.

गंमत म्हणजे भूमितीच्या आकृत्या काढायच्या असल्या की तो गप्प. कंपास घेऊन बसतो, शेजाऱ्यापेक्षा नेटकी काढतो. आकडेमोडीतही फार नाही. वाक्यांतली उदाहरणं आली की मात्र पहिल्या मिनिटातच पट्टी. मागचा_बाक, तुमची आठवण झाली.

मग मी त्याच्याजवळ जाऊन हळूच विचारलं, "वाचायला अडचण येते का? मी वाचून दाखवू?" आवाज खाली, बाजूला उभी राहून, सगळं रंधा म्हणतात तसं. तो एवढ्या मोठ्याने म्हणाला, "मला वाचता येतं, मूर्ख नाहीये मी," की सगळा वर्ग वळला. आता तो माझ्याकडे बघतही नाही.

मागचा_बाक
मॅडम, आवाज कितीही खाली असो, "वाचायला अडचण येते का" हे शेजाऱ्याने ऐकलंच. माझ्या कानावर त्या वयात नुसता "वाचायला" हा शब्द पडला असता तरी मी मारामारीला उठलो असतो. तुम्ही त्याचं गुपित ओळखलंत हे त्याला कळलंय. थोडे दिवस तो तुम्हाला तपासेल, तुम्ही हे कुठे बोलता का ते.

निळी_शाई
त्याला मदत देऊ नका, वर्गाला द्या. प्रत्येक शाब्दिक उदाहरण तुम्हीच मोठ्याने वाचा, सगळ्यांसाठी. मग विचारा, "यात आपल्याला काय माहीत आहे, काय शोधायचंय?" आणि फळ्यावर दोन ओळी लिहा. बाकीच्या मुलांचंही भलं होईल, शाब्दिक उदाहरणांवर अडणारे तुमच्या वर्गात पुष्कळ असतील. वाचनाची तपासणी हवीच, पण ती वर्गात व्हायची गोष्ट नाही. भाषेचे शिक्षक काय म्हणतात ते विचारा, मग समुपदेशक किंवा विशेष शिक्षक असतील त्यांच्याकडे, पालकांना विश्वासात घेऊन. दृष्टी आणि श्रवण आधी तपासून घ्या. नववीपर्यंत कोणाच्याच लक्षात आलं नाही असं कसं, हा प्रश्न नंतर.

आणि एक सावधगिरी. तुम्ही त्याला बाहेर काढणं बंद केलंत की प्रकार आधी वाढेल. जे करून आजवर सुटका होत होती ते चालेनासं झालं, की मूल तेच आणखी जोराने करून बघतं. नेमकं तेव्हाच शिक्षक म्हणतात, "बघा, लाड केले म्हणून बिघडला," आणि पुन्हा बाहेर काढतात. मग मुलगा शिकतो की आणखी जोर लावला की दार उघडतं. निदान काही आठवडे धीर धरा.

खडूफळा
इथे मात्र मी निळी_शाईंच्या बाजूने. माझ्या जुगाराच्या मुद्द्याचंच हे दुसरं टोक आहे. धीर सगळ्या स्टाफरूमने धरायला हवा, नाहीतर गणितात धीर आणि पुढच्याच तासाला गचांडी.

प्रयोगवही
आणखी एक स्वस्त उपाय: दारात उभं राहून प्रत्येक मुलाला नावाने हाक मारत आत घेणं, काल ज्याचं बिनसलं त्याच्याशी एखादा बरा शब्द, आणि आत गेल्याबरोबर करायचं एक छोटं काम तयार. क्लेटन कुक आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये दहा वर्गांत हे करून पाहिलं. मुलांचं कामात असण्याचं प्रमाण २० टक्के अंकांनी वाढलं, व्यत्यय ९ अंकांनी घटला.

तिरपागडा
दारात उभं राहून स्वागत! आमचे एक सर दारात उभे राहायचे, पण उशिरा येणाऱ्यांचे कान तिथल्या तिथे उपलब्ध व्हावेत म्हणून.

सरळरेषा
एक प्रामाणिक शंका. हसणाऱ्यांचं काय? त्या मुलाच्या वागण्याला निम्मं इंधन तर वर्गच पुरवतो. माझी मुलगीही हसत असणार, नाही म्हणत नाही.

रंधा
चांगला प्रश्न. हसण्यावर बंदी घातली की ते आणखी गोड लागतं. मी दोन गोष्टी करतो. विनोद खरंच बरा असेल तर मीही हसतो आणि लगेच कामावर येतो, म्हणजे त्यातली बंडखोरी निघून जाते. आणि ज्याच्या हशावर बाकीचे हसतात असा एखादा असतो, त्याला एकट्याला गाठून सांगतो, "तो अडचणीत येतो आणि तू मजा बघतोस, हे बरं नाही." या वयाच्या मुलांना न्यायाची चाड फार असते. बहुतेकदा तो पुढच्या वेळी हसत नाही, आणि तो हसला नाही की वर्ग हसत नाही.

वर्गमूळ
हे करून बघते. तो कोण आहे मला पक्कं माहीत आहे, आणि तो वर्गाचा मॉनिटर आहे!

समुपदेशकांनी रोजचं कार्ड सुचवलंय. सकाळी एका मोठ्या माणसाला भेटायचं, दिवसाची दोन उद्दिष्टं ठरवायची, प्रत्येक तासाला शिक्षकांनी गुण द्यायचे, जाताना पुन्हा भेटायचं. सकाळी भेटणारं माणूस म्हणून त्याने स्वतःच चित्रकलेच्या सरांचं नाव घेतलं. माझं नाही, अर्थातच. थोडं लागलं मला, पण असो. अडचण एकच: बाकीचे शिक्षक कार्ड भरतील का? एकांनी आत्ताच विचारलंय, "याच्या कुंडलीवर मी पण सही करायची का?"

ओंजळ
माझ्या मुलाचं कार्ड असंच फसलं होतं. सहा तासांतले चार रकाने कोरे, आणि पाचव्यात लाल शाईत निबंध. तो निबंध त्याने घरी येईपर्यंत फाडून टाकला.

निळी_शाई
कार्ड भरायला पाव मिनिटापेक्षा जास्त लागत असेल तर कोणी भरणार नाही. दोन उद्दिष्टं, समोर ०, १, २, गोल करायचा, बास. उद्दिष्ट "नीट वागणे" असं नको, "पहिली दोन उदाहरणं सुरू केली" असं दिसणारं हवं. शेरा लिहायला जागाच ठेवू नका. जागा दिसली की शिक्षक तिथे तक्रार लिहितात. तक्रार असेल तर चित्रकलेच्या सरांना तोंडी सांगायची. आणि कार्ड मुलाने हातात मिरवायला लागू नये, वहीच्या आकाराचंच करा, आत सरकतं.